‘काढायचे’ लिहिलेलं खोकं

थोरलीच्या तोंडी एक पालुपद होतं, ‘झालंच समजा.’ शेजारणीच्या मुलीचा पोशाख उद्या घालायचाय आणि आज कमरेत सैल होतोय? झालंच समजा. शाळेच्या नाटकाला ऐन वेळी परीचे पंख हवेत? झालंच समजा. आणि नवल असं की ते होतही असे. देव कुणाला गळा देऊन धाडतो, कुणाला डोकं देऊन धाडतो; हिला त्याने बोटं दिली होती. मिळालेल्या बोटांना गंज चढू दिला तर देणाऱ्याला काय वाटेल, असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता सुईत दोरा ओवून मोकळी व्हायची.

अशा बाईच्या घराचं जे व्हायचं तेच झालं होतं. तळमजल्यावरच्या त्या घरात मागच्या अंगाला एक चांगली ऐसपैस खोली होती, खिडकीतून सकाळचं ऊन थेट पलंगावर उतरायचं. घरचे तिला दोऱ्यांची खोली म्हणत. नाव दोऱ्यांचं, पण आत काय नव्हतं ते विचारा! बिस्किटांच्या डब्यांत बटणं होती, बटणांच्या डब्यांत मणी होते, मण्यांच्या बरण्यांत टिकल्या होत्या, आणि बिस्किटं मात्र त्या घरात कुणी पाहिल्याचं आठवत नव्हतं. लोकरीचे गुंडे पलंगाखालून मांजरीसारखे डोकावत. रंगीत कागदाच्या गुंडाळ्या दारामागे अशा उभ्या असत, जणू बसायला कुणी सांगायचीच वाट बघताहेत. कापडाचे तुकडे एके काळी रंगावार लावलेले होते. मग लाल निळ्यात शिरला, निळा पिवळ्यात शिरला, आणि आता त्या कपाटाचं दार उघडायचं तर आधी अंग बाजूला घ्यावं लागे.

थोरलीचा नवरा वायरमन. तो म्हणायचा, “माझी पक्कड एकदा या खोलीत शिरली. त्याला जमाना झाला. सुखी असेल बिचारी.”

“असेल तिथे असेल,” थोरली म्हणायची. “माझ्या खोलीतून काही हरवत नाही.”

आणि तेही खरंच होतं. हिरवी लेस मागा, डोळे मिटून हात घालायची आणि हिरवीच लेस बाहेर यायची. कुणी काही टाकून दे म्हटलं की मात्र तिचं एकच उत्तर असे: “राहू दे. लागेल.”

सगळं असं सुखाने चाललेलं असताना सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप केला. सासूबाई धाकट्या मुलाकडे राहत, तिसऱ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. थोरलीने त्याच दिवशी धाकटीला, म्हणजे आपल्या धाकट्या जावेला, फोन लावला.

“आईंना इकडे घेऊन ये. मागची खोली देते त्यांना.”

“दोऱ्यांची?” धाकटी हसायलाच लागली. “ताई, त्या खोलीत आईंना ठेवायचं तर आधी त्यांना रिळावर गुंडाळावं लागेल.”

“शनिवारी आण. शुक्रवारपर्यंत खोली मोकळी. झालंच समजा.”

“नुसतं समजून नाही व्हायचं. शुक्रवारी सुट्टी काढून मीच येते.”

धाकटी एका मोठ्या गोदामात मालाची व्यवस्था बघायची. कुठला माल कुठल्या फळीवर, पुढे काय, मागे काय, हे तिच्या हाताखालची माणसं तिला विचारून करत. सुई तिने जन्मात हातात धरली नव्हती. बटण तुटलं तर ती सदरा बदलायची. पण अस्ताव्यस्त काही दिसलं की तिच्या हातांना खाज सुटे. दोघी जावांचं मेतकूट चांगलं होतं. एकीचा हात चाले, एकीचं तोंड चाले, आणि दोघींनाही स्वतःबद्दल तिळमात्र शंका नसे.

नाही म्हणायला थोरलीला एका बाबतीत होती. ती म्हणजे चादर.

ती चादर सासूबाईंची. सायीच्या रंगाचं जाड सुती कापड, आणि चारी कडांनी फिरत गेलेली वेल. सासूबाईंनी ती स्वतःच्या हाताने भरायला घेतली होती. तीन कोपरे झाले आणि त्यांचा हात कापायला लागला. सुई टोचायची एका जागी आणि जायची भलतीकडे. मग त्यांनी चौथ्या कोपऱ्यावर नुसतं चित्र उतरवलं, निळ्या रेघांत थोडी पानं आणि फांदीवर एक चिमणी, आणि घडी थोरलीच्या हातात दिली. “उरलेलं तू काढ. तुझाच हात आता माझा.”

दुसरं कुणी असतं तर थोरली म्हणाली असती, झालंच समजा. त्या दिवशी ते शब्द तिच्या तोंडातून निघाले नाहीत. नवरीच्या पोशाखाला न कचरता कात्री लावणारी ही बाई त्या कोपऱ्यापाशी बसली की सुई हातात तशीच राही. सासूबाईंचा टाका असा बसायचा की पान कापडातूनच उगवलंय असं वाटावं. त्याच्या शेजारी आपला टाका पडला तर जन्मभर दिसत राहील, कुणीही बोट ठेवून सांगेल, इथे आईंचा हात संपला. असं करता करता तिने ती चादर, दोऱ्याच्या लडी आणि आणखी काही नक्षी उतरवलेले कपडे एका खोक्यात भरले, खोक्यावर जाड पेनाने लिहिलं ‘काढायचे’, आणि खोकं कपाटावर चढवलं.

सासूबाई फोनवर विचारायच्या, “चादर कुठवर आली ग?”

“जागची हललेली नाही, आई,” थोरली म्हणायची, आणि दोघी हसायच्या. पण थोरलीचं हसू जरा लवकर संपायचं.

आता सासूबाई येणार होत्या. त्याच खोलीत, त्याच पलंगावर झोपणार होत्या. त्या चादर मागणार, हे उद्या सूर्य उगवणार इतकं पक्कं होतं. थोरलीने मनाशी ठरवून टाकलं होतं, शुक्रवारी दुपारपर्यंत खोली आवरायची आणि दुपारी दार लावून कोपरा पुरा करायचा. मग टाका वेगळा दिसो की न दिसो.

शुक्रवारी सकाळी धाकटी आली ती ओढणी कमरेला खोचूनच. बरोबर चिकटपट्टी, जाड पेन आणि कागदाच्या पट्ट्या. दारात उभी राहून तिने खोली न्याहाळली आणि कपाळावर हात मारला.

“नियम ऐका, ताई. दोनच प्रकार. ‘ठेवायचे’ आणि ‘काढायचे’. तिसरा प्रकार नाही. जे ठेवायचं ते फळीवर जाईल. जे काढायचं ते अंगणात. दुपारी आमच्या गोदामाची गाडी येईल आणि वृद्धाश्रमात नेऊन टाकेल. तिथल्या बायकांना हाताला काम हवंय, माझं बोलणं झालंय.”

“आणि ‘लागेल’?”

“तुमचं ‘लागेल’ आहे ना,” धाकटी एका पायावर नाचत म्हणाली, कारण तेवढ्यात लाकडी मण्यांची परडी तिच्या करंगळीला थडकली होती, “ते मला आत्ताच लागलं. फार जोरात लागलं.”

वायरमन दारातून म्हणाला, “वर्षभर ज्याला हात लागला नाही त्याला तुमच्या गोदामात काय म्हणतात?”

“मेलेला माल, दादा.”

“मग मलाही एक पट्टी चिकटवा.”

“अहो, तुम्ही जा ना आपल्या वायरी जोडायला!” थोरली म्हणाली, आणि काम सुरू झालं.

आणि काय सुरू झालं म्हणता! धाकटी वरून उतरवत होती, थोरली खाली बसून निवडत होती. पहिल्यांदा तिचा जीव तुटला. वाळून दगड झालेल्या गोंदाच्या बाटलीवरसुद्धा ती हात ठेवून बसली. पण आवरण्यातही एक चव असते; ती जिभेला लागली की माणूस थांबत नाही. थोड्या वेळाने थोरलीच म्हणायला लागली, “हे काढ. हेही काढ. ही लेस तर मला कधीच आवडली नव्हती, मी हिला सांभाळत कशाला होते?” एकाच मापाच्या कात्र्या निघाल्या, तिने एक ठेवली. अर्धे विणून सोडलेले मोजे निघाले, प्रत्येक जोडीतला एकेक. टिकल्यांची बरणी फुटली आणि दोघी जावांच्या केसांत चांदण्या पडल्या. तळाशी, लोकरीच्या पोटात, पक्कड निघाली.

“अहो!” थोरलीने हाक मारली. “तुमची सुखी आहे!”

दुपार होता होता खोलीचा नूर पालटला. फळ्यांवर पारदर्शक बरण्यांत बटणं रंगावार बसली. लडी एका दांडीवर ओळीने लटकल्या, पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. थोरलीने कापडाच्या कपाटाचं दार उघडलं आणि सवयीने टुणकन बाजूला झाली. काहीच पडलं नाही. दोघी पोट धरून हसल्या. पलंगाभोवती चालायला जागा, खिडकीशी एक खुर्ची, भिंतीला धरायला वायरमनने ठोकलेला दांडा. गाडी आली, अंगणातली खोकी घेऊन गेली. थोरलीने हात धुतले, चहा केला, आणि कपाटावरचं खोकं उतरवायला ती स्टुलावर चढली.

कपाटावर धूळ होती. धुळीत चौकोनी स्वच्छ जागा होती. खोकं नव्हतं.

“धाकटे,” थोरलीचा आवाज इतका खाली आला की धाकटीने कप खाली ठेवला. “इथलं खोकं कुठे?”

“वरचं? ते तर सगळ्यात सोपं होतं. तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं, काढायचे. म्हटलं, वा, ताईंनी एकाचा तरी निकाल लावलाय. पहिलंच ते गाडीत चढवायला लावलं.”

थोरली स्टुलावरच बसली. “अगं, काढायचे म्हणजे भरायचे! सुईने काढायचे! चादर होती त्यात. आईंची.”

धाकटीला समजायला एक श्वास लागला, आणि समजलं तसा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. पण तीही हार जाणारी नव्हती. “मग भरायचे लिहायचं ना!”

“भरायचे लिहिलं असतं तर तू त्यात आणखी चार वस्तू कोंबल्या असत्यास!”

“दोऱ्याचं काम आहे, एवढं तरी लिहायचं! मला काय माहीत तुमचं काढणं म्हणजे ठेवणं!”

भांडायला हरकत नव्हती, दोघींकडे माल भरपूर होता. पण उद्या सासूबाई येणार होत्या, आणि हे दोघींनाही एकदमच आठवलं.

“चपला घाल,” थोरली म्हणाली.

“घातल्या,” धाकटी म्हणाली. ती आधीच दारात होती.

बसमध्ये थोरलीने मनातल्या मनात देवाला चांगलंच धारेवर धरलं. मी इतकी वर्षं त्या चादरीला हात लावला नाही, कबूल. म्हणून तू ती उचलूनच न्यावीस? दुसऱ्या कशाला हात लावला असतास तर मी चकार शब्द काढला नसता. मण्यांची परडी घे, लोकर घे, पक्कड घे. आणि मग तिलाच वाटलं, पक्कड तर त्याने आजच परत दिली. देणाऱ्याचं काही सांगता येत नाही. तिने पिशवी छातीशी धरली. पिशवीत सवयीने घेतलेली होती सुयांची डबी आणि लहान कात्री.

वृद्धाश्रमाच्या बैठकीच्या खोलीत खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. खोकी उघडून झाली होती. एक आजी बटणं चाळत बसली होती, एकीने लेस गळ्यात घालून पाहिली होती. आणि गोलाच्या मध्यभागी, चौघीजणींच्या गुडघ्यांवर ताणलेली, चादर होती.

“अहो, ओढू नका तिकडे, माझ्या वाट्याला नुसती कड येतेय!”

“तुम्हाला दिसत तरी आहे का? मग कडेला काय आणि मध्ये काय!”

चौथ्या कोपऱ्याशी एक ताठ पाठीची बाई बसली होती. जाड भिंगाचा चष्मा, नाकाच्या शेंड्यावर. तिला सगळ्या मास्तरीणबाई म्हणत, कारण ती उभं आयुष्य शाळेत शिकवून आली होती. तिच्या हातात सुई होती. सुईत हिरवा दोरा होता. आणि कोपऱ्यात, निळ्या रेघांवर, एक पान पुरं भरून झालेलं होतं.

थोरली तिथेच थबकली.

पान जाड होतं. गुबगुबीत होतं. लडीतला दोरा सहा पदरांचा असतो. त्यातले दोन पदर वेगळे करून भरायचं असतं, म्हणजे टाका बारीक पडतो. मास्तरीणबाईंनी सहाच्या सहा पदर सुईत कोंबले होते. त्यातून हिरवा निवडलेला होता पोपटासारखा, आणि सासूबाईंची सगळी वेल शेवाळी. सासूबाईंच्या त्या कोवळ्या, कापडातून उगवल्यासारख्या पानांशेजारी हे पान म्हणजे देवघरात कुणी ताशा वाजवावा तसं.

“ही चादर,” धाकटी पुढे झाली, “चुकून आली. आमची आहे. खोक्यावर जे लिहिलं होतं…”

“काढायचे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “स्पष्ट लिहिलं होतं. चादरीवर चित्र उतरवलेलं, बाजूला दोरे, आणि वर सूचना. मी मुलांना सांगून सांगून घसा फोडला, आधी प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा. मी वाचला. लिहायला घेतला.”

धाकटीने थोरलीकडे बघितलं. सबंध जगात हे खोकं बरोबर वाचणारी एकच बाई निघाली होती, आणि तिला भरता येत नव्हतं.

थोरलीचा हात पिशवीतल्या कात्रीवर गेला. उसवायला वेळ लागणार नव्हता. चार ठिकाणी कात्री, सुईच्या टोकाने धागे उचलायचे, झालं, पान नव्हतंच. मास्तरीणबाईंनी तो हात पाहिला. त्यांनी सुई खाली ठेवली आणि हनुवटी वर करून, वर्गात उभ्या केलेल्या मुलीसारखं विचारलं, “चुकलंय का?”

कात्री हातात घट्ट धरून थोरली त्या पानाकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला जी भीती होती ती तिच्यासमोर मांडून ठेवलेली होती. आईंच्या टाक्याशेजारी दुसऱ्याचा टाका. दिसत होता. चांगला लांबूनही दिसला असता. आणि चादर फाटली नव्हती, वेल सुकली नव्हती, सासूबाईंचे तीन कोपरे होते तसेच शांत होते. बिघडायचं ते बिघडून झालं होतं. आता हात घालायला घाबरायचं कशाला, आणि कुणाला?

तिला आतून हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग ती मोठ्याने हसली, आणि हसता हसता तिने कात्री पिशवीत टाकून एक खुर्ची ओढली.

“चुकलं नाही, बाई. दोरा जास्त घेतलात. सहा पदर असतात ना, त्यातले दोनच काढायचे.”

“काढायचे,” मास्तरीणबाईंनी शब्द तोलला. “आता हे तिसरंच काढायचे. आणि हे पान?”

“राहू दे ते. मी इतकी वर्षं एक टाका घातला नाही. तुम्ही आल्या आल्या पान काढलंत. त्याला हात लावायची माझी काय टाप?”

“आणि बाकीची पानं? आणि हा पक्षी?”

थोरलीने सुईच्या नाकातून शेवाळी दोरा ओवला, एका फटक्यात, न बघता.

“झालंच समजा,” ती म्हणाली.

मग त्या खोलीत असं काही जमलं की येणारे जाणारे दारात थांबून बघू लागले. थोरलीने चिमणी घेतली. मास्तरीणबाईंनी दोन पदरांनी दुसरं पान घेतलं; ते पहिल्याहून कितीतरी सरळ आलं, आणि त्यांनी ते सगळ्यांना दाखवलं. तिसरं पान थोरलीने काढलं, चौथं पुन्हा त्यांनी. बाकीच्यांनी चादर ताणून धरली. गळा चांगला असलेल्या एका आजीने हलक्या आवाजात देवाचं गाणं धरलं, बाकीच्यांनी ओळ उचलली, आणि सुया त्या तालावर वरखाली व्हायला लागल्या. ज्यांना दिसत नव्हतं त्यांनाही कळत होतं की काम पुढे सरकतंय.

धाकटीला बसवेना. तिने सुयांत दोरे ओवून द्यायला घेतले. अर्धे ओवले गेले, बाकी सुया बोटांत गेल्या. मग तिने बटणं निवडली, खोकी लावली, तिथल्या कपाटाच्या फळ्या रिकाम्या करून घेतल्या. शेवटी ती थोरलीच्या मागे येऊन उभी राहिली. चिमणी पुरी झाली होती, फक्त डोळा राहिला होता.

“तू काढ,” थोरलीने सुई तिच्याकडे केली.

“मी? ताई, वेड लागलंय का? मी बिघडवीन.”

“खोकं पाठवून घोळ घातलास तेव्हा विचारलं नाहीस. घे. दोऱ्याचा सुईला एक वेढा, आणि त्याच भोकाशेजारून खाली. गाठ मारायची, एवढंच.”

धाकटी जीभ दातांत धरून वाकली. वेढा एक सांगितला होता, तिने तीन दिले, आणि अशी ओढून गाठ मारली की पार्सलसुद्धा लाजावं. चिमणीचा डोळा जरा वटारल्यासारखा झाला.

“कुणाकडे बघतेय ही?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“माझ्याकडे,” धाकटी म्हणाली. “आणि रागाने.”

शनिवारी सासूबाई आल्या. वायरमनने आणि धाकट्याने दोन बाजूंनी धरून त्यांना मागच्या खोलीत आणलं. त्यांनी दांडा पकडून पाहिला, खिडकी पाहिली, बरण्यांतली बटणं पाहिली, दांडीवरच्या लडींपाशी थांबून कापऱ्या बोटाने त्या ओळीने हलवल्या. “ही माझ्या थोरलीची खोली नव्हे,” त्या म्हणाल्या. “इथे चालता येतंय.”

मग त्या पलंगावर टेकल्या. चादर पायथ्याशी ठेवलेली होती, चौथा कोपरा घडीत आत होता.

“चादर झाली का ग?”

“झाली, आई.”

सासूबाईंनी मान तिरकी केली. “झाली? की झालीच समजू?”

थोरलीने घडी उलगडून कोपरा त्यांच्या मांडीवर ठेवला. “बोट फिरवून बघा.”

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांचं बोट कापत होतं, पण टाका ओळखायला ते पुरेसं होतं. वेलीवरून ते सरकत आलं आणि पहिल्या पानाशी अडलं. “हे कुणाचं? फार जेवलंय हे पान.”

“वृद्धाश्रमात एक मास्तरीणबाई आहेत,” धाकटी म्हणाली, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं, पट्ट्या, खोकं, गाडी, काढायचे आणि काढायचे. सासूबाई ऐकत होत्या, बोट पुढे जात होतं. दुसरं पान. “हेही तिचंच. शिकतेय.” तिसरं पान. बोट तिथे थांबलं, पुढे गेलं, पुन्हा मागे आलं. मग चिमणी. मग चिमणीचा डोळा, आणि सासूबाई डोळे उघडून धाकटीकडे बघू लागल्या.

“ही गाठ तू मारलीस.”

“कसं ओळखलंत?”

“धुण्यात चादर जाईल, गाठ राहील.”

धाकटा हसला, वायरमन हसला. सासूबाईंनी थोरलीचा हात धरला आणि तिचं बोट तिसऱ्या पानावर ठेवलं. “आणि हे तुझं. इतकी वर्षं का लावलीस?”

थोरली खरं तेच सांगून गेली. “तुमच्या हाताशेजारी माझा हात दिसला असता, आई.”

“मग दिसू दे की! शेजारी असतं ते दिसणारच. तू काय माझ्या मागे लपून बसायला आलीस होय या घरात?” असं म्हणून त्यांनी तो हात सोडला नाही. “त्या मास्तरीणबाईंना इथे बोलव. या खुर्चीत बसतील. माझा हात चालत नाही, पण तोंडाला काय धाड भरलीय? दोरा किती घ्यायचा ते मी सांगीन. तिला वेल काढता येईपर्यंत मी कुठे जात नाही.”

“आणि ते खोकं?” धाकटीने विचारलं. खोकं दाराशी होतं, नक्षी उतरवलेले बाकीचे कपडे आत, वर तेच जाड अक्षर. “ते काढायचे, की काढायचे?”

“दोन्ही,” थोरली म्हणाली. “सोमवारी मीच घेऊन जाते. अर्धं तिकडे काढू, अर्धं इकडे.”

सासूबाई आडव्या झाल्या. दोघी सुनांनी दोन बाजूंनी चादर त्यांच्या अंगावर सारखी केली. थोरलीने नकळत चौथा कोपरा भिंतीच्या बाजूला वळवला होता, तिथे तो कुणाच्या नजरेत आला नसता. सासूबाईंनी पायाने चादर ढकलली.

“अशी नको. फिरवा. चिमणी दाराकडे येऊ दे.”

चादर फिरली. दारातून आत येणाऱ्या कुणालाही आता पहिलं दिसलं असतं ते जाडजूड पोपटी पान, आणि त्याच्यामागून डोळे वटारून बघणारी चिमणी.

“नीट झालं का, आई?” थोरलीने विचारलं.

“झालंच समज,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.